घोरणें : एका उपेक्षित व्याधीचा इतिहास

मृत्यूचीहि आपल्याकडे प्रतवारी आहे. दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळून गेलेल्या मनुष्याविषयीं लोक हळहळतात. अपघातांत गेलेल्याविषयीं दैवास बोल लावतात. परंतु रात्रीं जेवूनखाऊन निजलेला मनुष्य सकाळीं उठलाच नाहीं, तर 'पुण्यवान माणूस, झोपेंतच गेला' असे उद्गार सहज निघतात. घाटकोपरच्या ज्या चाळीवजा इमारतींत प्रस्तुत लेखकाचें बालपण गेलें, तेथें असा एक प्रसंग घडला. पन्नाशीच्या आंतबाहेरचे एक गृहस्थ होते. अंगानें स्थूल, स्वभावानें विनोदी, व घोरण्याविषयीं सबंध मजल्यावर प्रसिद्ध. उन्हाळ्यांत पुरुषमंडळी गॅलरींत पथाऱ्या टाकीत, तेव्हां त्यांची पथारी सर्वांनीं मिळून अगदीं टोकास ठेविलेली असे. आम्ही मुलें त्यांच्या घोरण्याची नक्कल करीत असूं, आणि ते स्वतः त्या हसण्यांत सामील होत. एका पहाटे ते उठले नाहींत. 'पुण्यवान माणूस' हे शब्द त्या दिवशीं अनेकांच्या तोंडून ऐकूं आले. पुढें कांहीं दिवसांनीं त्यांच्या पत्नीनें माझ्या आईजवळ एक गोष्ट बोलून दाखविली. "त्यांच्या घोरण्याचा मला कधीं त्रास झाला नाहीं," त्या म्हणाल्या, "घोरणें मध्येंच थांबे, त्याची भीति वाटे. मग मी त्यांना हलवीत असें. त्या रात्रीं मला स्वतःलाच गाढ झोप लागली." आणि तो दोष त्या बाई जन्मभर स्वतःकडे घेत राहिल्या.

त्या गृहस्थांच्या मृत्यूचें खरें कारण कोणीं शोधलें नाहीं, आणि आतां तें कळणें शक्यहि नाहीं. परंतु त्या बाईंनीं जें सांगितलें, म्हणजे आधीं घोरणें, मग एकाएकीं शांतता, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, तें वर्णन आज फुप्फुसरोगांच्या कोणत्याहि जाणत्या डॉक्टरापुढें ठेविलें, तर त्याच्या मनांत प्रथम एकाच व्याधीचें नांव येईल. तिला 'स्लीप ॲप्निया' असें म्हणतात. मराठींत निद्रेंतील श्वासरोध म्हणावें. नवलाची गोष्ट अशी कीं, जें शेजेजवळच्या बाईला प्रत्येक रात्रीं दिसत व ऐकूं येत होतें, तें वैद्यकशास्त्राच्या नजरेस यथार्थ रूपानें येण्यास १९६५ साल उजाडावें लागलें. असें कां झालें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तोच येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम व्याधीचें स्वरूप समजून घेऊं. पडजीभ व जिभेचें मूळ यांच्या मागें घशाचा जो भाग आहे, त्यास सभोंवार हाडाचा आधार नाहीं. स्नायूंच्या ताणामुळेंच ती वाट उघडी राहते. झोप लागली कीं शरीराच्या इतर स्नायूंबरोबर हे स्नायूहि शिथिल होतात. वाट मूळचीच प्रशस्त असली तर त्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु मानेंत चरबी सांठली असेल, खालचा जबडा लहान किंवा मागें असेल, अथवा घशांतील टॉन्सिल वाढलेले असतील, तर ती अरुंद होते, व तींतून जाणाऱ्या हवेनें भोंवतालचे मऊ पडदे थरथरूं लागतात. हेंच घोरणें. याच्या पुढची पायरी म्हणजे ती वाट पुरती मिटणें. छाती व पोट श्वासासाठीं धडपडत असतात, पण हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो, मेंदु क्षणमात्र जागा होऊन स्नायूंस ताण देतो, वाट उघडते, मोठा आवाज होऊन श्वास आंत येतो, आणि मनुष्य पुन्हां निजतो. दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबला, तर तो एक रोध मानतात. श्वास पुरता न थांबतां बराच उणावला व त्यासरशी प्राणवायु उतरला, तर तोहि मोजतात. तासाला असे ५ प्रसंग झाले तर व्याधीस आरंभ झाला असें समजतात; १५ च्या वर ती मध्यम व ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांस एक. सात तासांच्या झोपेंत २१० वेळां गळा दाबला जाऊन सुटला असें झालें. आणि सकाळीं रोग्यास यांपैकीं एकहि प्रसंग आठवत नाहीं. या व्याधीच्या इतिहासांतील बहुतेक घोटाळ्यांचें मूळ या शेवटच्या वाक्यांत आहे. ज्याला रोग आहे त्याला तो ठाऊक नसतो. ज्याला ठाऊक असतो त्याला कोणी विचारीत नाहीं.

आतां जुन्या वाङ्मयाकडे वळूं. निद्रा म्हटली कीं आपल्यास प्रथम कुंभकर्ण आठवतो. वाल्मीकीच्या युद्धकांडांत त्याला जागें करण्यास गेलेले राक्षस त्याच्या श्वासोच्छ्वासाच्या वाऱ्यानेंच मागें लोटले जातात, असें वर्णन आहे. प्रचंड देह, प्रचंड आहार, प्रचंड घोरणें व न आवरणारी झोप, ही सांगड कवीनें निरीक्षणावांचून घातली असेल असें वाटत नाहीं. तथापि काव्यांतील अतिशयोक्तीवरून रोगनिदान करूं जाणें हा हौशी मंडळींचा खेळ झाला; इतिहासानें त्याच्या आहारीं जाऊं नये.

याहून अधिक विचारार्ह पुरावा वैद्यकग्रंथांतला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अतिस्थूल मनुष्यास जडणारे विकार सांगितले आहेत. त्यांत क्षुद्रश्वास, तहान, भूक, अतिनिद्रा, घाम यांच्या जोडीस 'क्रथन' असा एक शब्द येतो. पुढें माधवनिदानांतील मेदोरोगाच्या वर्णनांतहि तो पुन्हां भेटतो. श्वासाचा अकस्मात् होणारा अवरोध, असा या शब्दाचा अर्थ करितात. सुश्रुतसंहितेची यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली प्रत आपल्या मुंबईच्याच निर्णयसागर छापखान्यांतून निघाली, व ती वैद्यांच्या घरोघर गेली. तो शब्द कपाटांत होताच. स्थूलता, अतिनिद्रा व श्वासाचा अवरोध या तीन गोष्टी एका ओळींत मांडणाऱ्याची दृष्टि सूक्ष्म होती हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु 'आमच्याकडे सर्व कांहीं होतें' असा निष्कर्ष काढण्याची जी खोड आपल्यास आहे, ती येथेंहि आवरली पाहिजे. तीन लक्षणें एकत्र पाहणें वेगळें, आणि त्यांतलें एक दुसऱ्याचें कारण आहे हें ओळखणें वेगळें. अवरोधामुळें झोप मोडते व मोडलेल्या झोपेमुळें दिवसा झोप येते, ही साखळी त्या यादींत नाहीं.

आपल्या भाषेपुरतें पाहिलें, तर निजलेल्या मनुष्याचें सर्वांत जिवंत चित्र समर्थ रामदासांनीं काढिलें आहे. दासबोधाच्या अठराव्या दशकांतील नववा समास 'निद्रानिरूपण' या नांवाचाच आहे. जांभया, चुटक्या, डुलक्या, दचकून पाहणें, घोरणें, दांत खाणें, असा निजणाऱ्यांचा एक बाजारच त्यांत भरला आहे. समर्थांचा हेतु आळसाची खोड मोडण्याचा होता, रोगवर्णनाचा नव्हता. आणि श्रोते तो समास ऐकून हसत असतील यांत शंका नाहीं. परंतु याच ठिकाणीं एक गोष्ट ध्यानांत येते. ज्याला दिवसा झोप आवरत नाहीं तो आळशी, आणि जो घोरतो तो हास्यास्पद, हे दोन निर्णय आपल्या समाजानें फार पूर्वीं देऊन टाकिले. ज्या विषयावर निर्णय होऊन गेला त्याची चौकशी कोण करणार? 'कुंभकर्ण' हें विशेषण लावलें कीं संभाषण संपतें.

पश्चिमेकडेहि याहून निराळें घडलें नाहीं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत काळ्या समुद्राच्या कांठीं हेराक्लीआ या नगरीचा डायोनिसियस नांवाचा एक राजा होऊन गेला. तो इतका स्थूल होता कीं, गाढ झोपेंतून त्याला जागें करण्यासाठीं वैद्यांनीं त्याच्या कुशींत लांब बारीक सुया टोंचण्याची योजना केली होती, अशी हकीकत अथेनियस या ग्रंथकारानें नोंदविली आहे. त्यानंतरचें प्रसिद्ध चित्र एकदम इंग्रजी कादंबरींत आढळतें. चार्ल्स डिकन्स याच्या 'पिक्विक पेपर्स'मध्यें जो नांवाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो दार ठोठावतां ठोठावतां उभ्याउभ्या झोपतो, व जेवण वाढतांना घोरतो. ही कादंबरी १८३६-३७ सालीं क्रमशः प्रसिद्ध झाली, तेव्हां लेखकाचें वय पंचविशीच्या आसपास होतें. आमच्या पिढीच्या वडील मंडळींनीं इंग्रजी शाळेंत ती वाचली व पोट धरधरून हसलीं. डिकन्सनें ज्याला पाहून तें पात्र रंगविलें असेल, तो मुलगा बहुधा आजारी होता, हा विचार कोणाच्या मनांत आला असेल असें दिसत नाहीं.

डॉक्टरांच्या नजरेस ही गोष्ट मुळींच पडली नाहीं असें नव्हे. १८७७ सालीं लंडनच्या विल्यम ब्रॉडबेंट या डॉक्टरानें, उताणें निजून घोरणाऱ्या मनुष्याचा श्वास मध्येंच कसा थांबतो, छाती कशी धडपडते, व शेवटीं फुत्कार होऊन हवा कशी आंत शिरते, याचें यथातथ्य वर्णन केलें. पण त्याचें लक्ष मुख्यतः मेंदूंतील रक्तस्रावाच्या रोग्यांकडे होतें; घोरण्याची गोष्ट ओघानें आली व ओघानेंच विसरली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभीं विल्यम ऑस्लर या थोर वैद्यकाचार्यानेंहि स्थूल तरुणांच्या अनावर निद्रेची तुलना पिक्विकमधील पोऱ्याशीं केली. परंतु ही सर्व निरीक्षणें सुट्या मण्यांसारखीं पडून राहिलीं. त्यांस ओंवणारा दोरा नव्हता. डॉक्टर रोग्यास दिवसा पाहतो, आणि हा रोग रात्रींचा. दवाखान्यांत आलेला मनुष्य जागा असतो, नीट श्वास घेत असतो, व 'मला मुळींच कांहीं होत नाहीं, घरचीं माणसें उगीच घाबरतात' असें सांगत असतो.

१९५६ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथील बर्वेल व त्यांचे सहकारी यांनीं एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली, ती पुष्कळ गाजली. हा एक सुखवस्तु व्यापारी होता. आठवड्याच्या नेमाप्रमाणें तो पत्ते खेळत बसला असतां त्याच्या हातांत तीन एक्के व दोन राजे आले. असा हात क्वचितच येतो. परंतु डाव खेळण्यापूर्वींच त्याला झोप लागली, व तो हात वायां गेला. कांहीं दिवसांनीं तो रुग्णालयांत दाखल झाला. बर्वेल यांनीं या अवस्थेस डिकन्सच्या कादंबरीवरून 'पिक्विकी लक्षणसमूह' असें नांव दिलें. नांव चटकदार होतें व तें रूढ झालें. पण उपपत्ति अर्धीमुर्धीच होती. स्थूलतेमुळें श्वास उथळ होतो, रक्तांत दूषित वायु सांठतो, व त्याच्या गुंगीनें झोप येते, असें त्यांचें म्हणणें. कांहीं रोग्यांत असा प्रकार घडतो हें खरें. परंतु त्या व्यापाऱ्याच्या उशाशीं रात्रभर जागत बसून त्याचा श्वास कोणीं मोजला नव्हता.

ती जाग शेवटीं यंत्रांनीं केली. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरानें मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरींचे आलेख १९२९ सालीं प्रसिद्ध केले, तेव्हांपासून निद्रा ही मोजतां येण्यासारखी वस्तु झाली. १९५३ सालीं शिकागो येथें अॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं, झोपेंत डोळ्यांच्या जलद हालचालींचे टप्पे असतात हें दाखविलें; निद्रा म्हणजे केवळ जागृतीचा अभाव, ही कल्पना मागें पडली. निजलेल्या मनुष्यास तारा जोडून रात्रभर आलेख काढण्याची प्रथा यांतून पडली. मग १९६५ सालीं फ्रान्समध्यें मार्सेय येथें गास्तो, तास्सिनारी व द्युरों यांनीं, आणि जर्मनींत फ्रायबुर्ग येथें युंग व कूलो यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, पिक्विकी रोग्यांच्या झोपेचे आलेख श्वासाच्या आलेखाशीं ताडून पाहिले. श्वास वारंवार थांबत होता, आणि प्रत्येक वेळीं मेंदु जागा होत होता. दिवसाच्या झोपेचें खरें कारण गुंगी हें नसून रात्रभर चाललेली ही तोडमोड होय, हें तेव्हां कागदावर उमटलें. ज्या बाईला आपण 'उगीच घाबरते' म्हणत आलों, तिची साक्ष शाईच्या रेघेनें खरी ठरविली.

पुढील मोठें काम अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत झालें. फ्रान्समधून तेथें आलेले क्रिस्तियां गियमिनो यांनीं १९७२ पासून निद्रेच्या प्रत्येक रोग्याच्या आलेखांत श्वास व हृदय यांच्या नोंदी असल्याच पाहिजेत असा आग्रह धरिला. तेव्हां एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. श्वासरोधाचे कित्येक रोगी मुळींच लठ्ठ नव्हते. म्हणजे कुंभकर्णापासून पिक्विकपर्यंत जें एक चित्र मनांत ठसलें होतें, त्यानेंच डॉक्टरांची दृष्टि अडविली होती. १९७६ सालीं गियमिनो व त्यांचे सहकारी यांनीं 'स्लीप ॲप्निया' हा लक्षणसमूह त्या नांवानें शास्त्रांत रूढ केला.

रोग सांपडला, उपाय मात्र भयंकर होता. घशांत वाट मिटते, तर तिच्या खालीं श्वासनलिकेस भोंक पाडावें, असा विचार करून १९६९ सालीं फ्रायबुर्ग येथील डॉक्टरांनीं तशी शस्त्रक्रिया केली. रोगी शांत झोपूं लागले. पण गळ्याला कायमचें छिद्र घेऊन जगणें कोणास रुचेल? या कोंडींतून वाट काढली ती ऑस्ट्रेलियांतील सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनीं. १९८० सालीं त्यांच्याकडे बांधकामावर काम करणारा एक रोगी आला. त्याची अवस्था तीव्र होती, व गळ्याला छिद्र पाडून घेण्यास तो राजी नव्हता. सलिव्हन यांनीं नाकावर बसेल असा मुखवटा करून, घरांतील धूळ ओढण्याच्या यंत्रांत असते तसली मोटर उलट दिशेनें लावून, सौम्य दाबाची हवा नाकावाटे सतत सोडली. हवेच्या दाबानें घशाची वाट आंतून तोलून धरली, व तो मनुष्य रात्रभर निजला. १९८१ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत पांच रोग्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. आज 'सीपॅप' या नांवानें घरोघर जें लहानसें यंत्र उशाशीं ठेविलेलें दिसतें, तें याच खटाटोपाचें अपत्य होय. त्याची युक्ति पाहिली तर किती साधी! छत्रीच्या काड्या कापडाला आंतून तोलतात, तशी येथें हवा घशाला तोलते. पण वाट कोठें मिटते हें ठाऊक होईपर्यंत ती कोणास सुचणार नव्हती.

रोग दुर्मिळ आहे, ही समजूत मात्र अद्याप कायम होती. ती १९९३ सालीं टेरी यंग व त्यांचे सहकारी यांनीं मोडली. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत सरकारी नोकरी करणाऱ्या, ३० ते ६० वर्षांच्या ६०२ स्त्रीपुरुषांची त्यांनीं रात्रभर तपासणी केली. हे लोक रोगी म्हणून आलेले नव्हते. त्यांत पुरुषांपैकीं शेंकडा २४ व स्त्रियांपैकीं शेंकडा ९ जणांचा श्वास तासाला पांच किंवा अधिक वेळां अडखळत होता. त्याच्या जोडीस दिवसाची अतिनिद्रा असणारे, पुरुषांत शेंकडा ४ व स्त्रियांत शेंकडा २ निघाले.

'हें अमेरिकेचें झालें, तेथील लोक खाऊन लठ्ठ झालेले. आपला काय संबंध?' असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर आपल्या शहरानेंच दिलें आहे. मुंबईंत माहीम येथील हिंदुजा रुग्णालयांत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं, नेहमींच्या आरोग्यतपासणीसाठीं आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी केली, व तिचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. ६५८ जणांस प्रश्नावली दिली, व २५० जणांची निद्रेंतील तपासणी त्यांच्या घरींच केली. श्वासाचा अडखळ शेंकडा १९.५ जणांत, आणि त्याच्यासह दिवसाची अतिनिद्रा शेंकडा ७.५ जणांत आढळली. म्हणजे दिवसाची झोप धरून मोजलें, तर हें प्रमाण विस्कॉन्सिनच्या पुरुषांहूनहि अधिक झालें. देहाचें वजन, मानेचा घेर व मधुमेह या तीन गोष्टींशीं व्याधीचा विशेष संबंध दिसून आला. हे लोक कोणी कुंभकर्ण नव्हते. ते आपल्यासारखे कचेरींत जाणारे, स्वतःस निरोगी समजणारे, मध्यमवयाचे मुंबईकर होते.

असें असूनहि आपल्याकडे याचें नांव सर्वतोमुखीं झालें तें एका प्रसिद्ध मनुष्याच्या मृत्यूनें. १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं संगीतकार बप्पी लाहिरी जुहू येथील रुग्णालयांत, वयाच्या ६९ व्या वर्षीं निवर्तले. त्यांना इतरहि दुखणीं होतीं. परंतु मृत्यूचें कारण सांगतांना डॉक्टरांनीं निद्रेंतील श्वासरोधाचें नांव घेतलें. त्यानंतर वर्तमानपत्रांत तो शब्द छापून आला, व पुष्कळ घरांत तो तेव्हां प्रथमच वाचला गेला.

घोरण्यानें माणूस मरतो काय, असा प्रश्न येथें कोणीहि विचारील. याचें उत्तर जपून दिलें पाहिजे. केवळ घोरणारे पुष्कळ असतात, व त्यांतील बहुतेकांना ही व्याधि नसते. परंतु जेथें श्वासरोध आहे, तेथें प्रत्येक रोधाबरोबर रक्तदाब उसळतो व हृदयावर ताण पडतो. विस्कॉन्सिनच्याच लोकांची कांहीं वर्षें पाहणी करून, ज्यांस रोध अधिक त्यांस पुढें रक्तदाबाचा विकार जडण्याचा संभव अधिक, असें २००० सालीं दाखविण्यांत आलें. २००५ सालीं अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांतील मेयो रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं, पूर्वीं निद्रातपासणी झालेल्या व पुढें हृदयक्रिया एकाएकीं बंद पडून वारलेल्या ११२ जणांच्या मृत्यूच्या वेळा काढिल्या. श्वासरोध नसलेल्यांपैकीं शेंकडा २१ जण मध्यरात्र ते सकाळीं सहा या वेळांत गेले होते. श्वासरोध असलेल्यांपैकीं शेंकडा ४६. इतर लोकांत हृदयविकाराचा झटका पहाटेनंतर, दिवस सुरू होतांना अधिक येतो. या लोकांत मात्र विसाव्याची वेळ हीच घाताची वेळ ठरली. 'झोपेंतच गेला, पुण्यवान' या वाक्याकडे ते आंकडे वाचल्यावर पूर्वींच्या नजरेनें पाहवत नाहीं.

आपल्या उपनगरांत ही व्याधि लपून राहण्यास आणखी एक कारण आहे. घाटकोपर १९५० सालीं मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलें, २०१४ सालीं मेट्रोहि तेथें पोहोंचली. वस्ती वाढत गेली, आणि कामावर जाण्यायेण्यांतला वेळहि वाढला. सकाळीं स्टेशनावर गाडींत बसावयास जागा मिळाली कीं माणसाची मान खालीं जाते, व कुर्ला येण्याच्या आंत तो झोपलेला असतो. आपण म्हणतों, बिचारा पहाटे उठतो, दमतो. बहुतेकांच्या बाबतींत तें खरेंच आहे; अपुरी झोप हा या शहराचा सार्वत्रिक रोग आहे. पण त्याच रांगेंत एखादा मनुष्य असाहि असतो, कीं जो आठ तास निजूनहि तसाच पेंगत असतो. आणि गर्दींत गर्दी मिसळावी तसा त्याचा रोग दुसऱ्यांच्या थकव्यांत मिसळून जातो. गाडींत पेंगणाऱ्याचें फार तर स्टेशन चुकेल. परंतु पूर्व द्रुतगति महामार्गावर रात्रीं मोटर हांकणाऱ्याची डुलकी त्याच्यापुरतीच राहत नाहीं. घरेंहि लहान; एका खोलींत तीन पिढ्या निजतात. म्हणजे या व्याधीला साक्षीदारांची उणीव नाहीं. उणीव आहे ती साक्ष घेणाऱ्याची. आणि ज्या घरांत कर्ता पुरुष घोरतो तेथें सारीं हसतात. पण स्त्री घोरते तेथें कोणी शब्दहि काढीत नाहीं, व ती स्वतः तर लाजेनें डॉक्टरापुढें तें कधींच सांगत नाहीं. पाळी गेल्यानंतर स्त्रियांतहि ही व्याधि वाढते, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. टॉन्सिल वा नाकामागील ग्रंथि वाढलेलीं लहान मुलें तोंड उघडें टाकून घोरतात, तेव्हां 'किती गाढ झोपलें आहे' म्हणून कौतुक होतें. तेंहि तपासण्यासारखें असतें.

उपायांविषयींहि भाबडेपणा नको. २०१६ सालीं अनेक देशांतील २,७१७ रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या सर्वांस हृदयाचा वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधींपासूनच होता. सीपॅप यंत्रानें त्यांचें घोरणें व दिवसाची झोप कमी झाली, मन प्रसन्न झालें. परंतु हृदयविकाराचे पुढील झटके कमी झाल्याचें दिसलें नाहीं. अर्थात् हे रोगी यंत्र रात्रीं सरासरी सव्वातीन तासांच्या जवळपासच लावीत होते, हेंहि विसरतां येत नाहीं. वजन कमी करणें, मद्य व झोपेच्या गोळ्या टाळणें, उताणें न निजतां कुशीवर निजणें, हे उपाय जुने असले तरी निरर्थक नाहींत. सौम्य व्याधींत जबडा पुढें धरणारी दंतपट्टी उपयोगी पडते. डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें, स्थूल मनुष्यांतील या व्याधीसाठीं वजन उतरविणाऱ्या 'टिर्झेपॅटाइड' या औषधास प्रथमच मान्यता दिली. इतिहास येथें एक वर्तुळ पुरें करून सुश्रुताच्या मेदोरोगाजवळ आला असें म्हणतां येईल. फरक इतकाच कीं, मधली साखळी आतां ठाऊक आहे.

असो. हा सर्व इतिहास पाहिल्यावर एक गोष्ट मनांत राहते. सुया टोंचणारे वैद्य, हसविणारे कादंबरीकार, उपदेश करणारे संत व निदान चुकणारे पंडित, या सर्वांच्या आधीं व या सर्वांहून अधिक ज्याला ठाऊक होतें, तें माणूस प्रत्येक घरांत अंधारांत जागें होतें. आजहि या व्याधीचें निदान बहुधा डॉक्टराच्या एका साध्या प्रश्नानें सुरू होतें: 'झोपेंत यांचा श्वास थांबल्याचें कोणीं पाहिलें आहे काय?' त्या प्रश्नाचें उत्तर रोग्याजवळ नसतें. म्हणून ज्यानें तें पाहिलें असेल त्यानें हसण्यावारी न नेतां, न संकोचतां, रोग्याबरोबर दवाखान्यांत जावें, आणि काय पाहिलें तें सांगावें. आमच्या चाळींतील त्या बाईंना हा प्रश्न कोणीं कधीं विचारला असता, तर रात्रींचा पहारा त्यांना एकट्यांना करावा लागला नसता. आणि कांहीं केल्या टळलें नसतें असें जरी घडलें असतें, तरी एका रात्रीच्या झोपेचा दोष त्यांनीं आयुष्यभर उराशीं बाळगला नसता.